बटण दाबलं, पण घंटा वाजली नाही

(१९९७ च्या दहावीच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२२ मध्ये केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू पुण्यात कंप्युटरमध्ये काहीतरी करतोस ना, त्यावर वीस मिनिटं बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." इतक्या वर्षांत माझ्या बायकोलाही मी नेमकं काय करतो ते नीट कळलेलं नाही. त्यामुळे आज मी दोन कामं एकदम उरकणार आहे. ती समोर बसली आहे.

मी वेबसाइटची पानं बनवतो. त्यातही माझं रोजचं काम एका बारीक जागी चालतं. तुम्ही पानावरचं बटण दाबता आणि काहीतरी घडतं, त्या दाबण्याच्या आणि घडण्याच्या मधली जागा माझी. तिथे काय चालतं आणि एकदा मी तिथे काय चूक केली, एवढंच आज सांगणार आहे. त्या चुकीचा आपल्या तालुक्याशी संबंध आहे, म्हणून ती इथेच सांगायला हवी.

आपल्या शाळेची घंटा आठवते? व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि शिपाईमामा लोखंडी दांडक्यानं तो बडवायचे. वर्गात घड्याळ नव्हतं. सरांच्या मनगटावर होतं, पण ते बघायची कुणाची हिंमत नव्हती. तरी मधली सुट्टी कधी झाली हे आपल्याला शिकवावं लागलं नाही. आपण दर मिनिटाला उठून "झाली का, झाली का" विचारत नव्हतो. कान घंटेकडे असायचा. घंटा झाली की डबा.

कंप्युटरच्या पानावर असंच चालतं. आपल्याकडे इव्हेंट म्हटलं की मंडप, डीजे आणि शाल-श्रीफळ डोळ्यांसमोर येतं. आमच्या कामात इव्हेंट म्हणजे घडलेली एखादी छोटी गोष्ट. बटण दाबलं, कळ सोडली, रकान्यात अक्षर आलं, पान उघडून झालं, प्रत्येक वेळी ब्राउझर एक घंटा वाजवतो. ती ऐकून काय करायचं हे ज्या भाषेत लिहून ठेवतात, ती जावास्क्रिप्ट. ही भाषा १९९५ सालची. नेटस्केप नावाच्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं. आपण तेव्हा नववीत होतो, झेंडावंदन करून चॉकलेट खात होतो आणि आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हीच भाषा थोडी वेगळी करून आणली. हा म्हणजे तो निळा 'ई'. पुढच्या वर्षी, म्हणजे आपण दहावीची परीक्षा दिली त्या १९९७ साली, दोन्ही कंपन्यांचे चौथे अवतार आले आणि दोघांच्या घंटा दोन तऱ्हांनी वाजू लागल्या.

त्या दोन तऱ्हा शाळेवरूनच सांगतो. बाकावर भांडण झालं की तक्रार कशी जायची? आधी मॉनिटरकडे, मग वर्गशिक्षकांकडे आणि फारच झालं तर मुख्याध्यापकांकडे. खालून वर. याउलट सूचनावही आठवा. ती मुख्याध्यापकांच्या खोलीतून निघायची आणि मामा ती वर्गावर्गात फिरवायचे. वरून खाली. बटण हे पानात असंच एकात एक बसलेलं असतं. बटण रकान्यांच्या चौकटीत, चौकट फॉर्ममध्ये, फॉर्म पानात. बटण दाबल्याची बातमी नेटस्केप वरून खाली आणायचा, सूचनावहीसारखी. एक्सप्लोरर खालून वर न्यायचा, तक्रारीसारखी. एकासाठी लिहिलेलं काम दुसऱ्यावर उलटं पडायचं.

नोव्हेंबर २००० मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, डब्ल्यू-थ्री-सीनं, निकाल दिला. दोघांचंही खरं. बातमी आधी वरून खाली जाईल, मग खालून वर येईल, ज्याला ज्या फेरीत ऐकायचं त्याने त्या फेरीत ऐकावं. ऐकणाऱ्याची नोंद करायची एक रीतही ठरली, तिचं नाव ॲड-इव्हेंट-लिसनर. सगळ्यांनी ती हळूहळू मान्य केली, पण एक्सप्लोररनं आपली अटॅच-इव्हेंट नावाची रीत चालू ठेवली. नवी रीत त्याने स्वीकारली नवव्या आवृत्तीत, मार्च २०११ मध्ये. निकाल लागून दहा वर्षं उलटल्यावर! आपल्याकडे शेताच्या बांधाचे खटले चालतात तसंच.

मी २००३ मध्ये पुण्यात नोकरीला लागलो, तो या दहा वर्षांच्या मधोमध. तेव्हा बटणाच्या प्रत्येक कामाला दोन-दोन रीती लिहाव्या लागत. गमती सांगतो. काय घडलं याची माहिती नवे ब्राउझर ऐकणाऱ्याच्या हातात चिठ्ठीसारखी द्यायचे. एक्सप्लोरर ती व्हरांड्यातल्या एकाच फळ्यावर लिहायचा, ज्याला हवी त्याने जाऊन वाचावी. पुढची गोष्ट घडली की आधीचं पुसून नवीन लिहिलं जायचं, आणि तुम्ही उशिरा पोचलात तर भलतंच वाचून यायचात. माऊसच्या डाव्या बटणाला नव्या रीतीत शून्य नंबर, एक्सप्लोररमध्ये एक. आणि नव्या रीतीत एक नंबर मधल्या बटणाचा! एकाच हजेरी क्रमांकावर दोन वर्गांत दोन वेगळी मुलं. चौकोनात टिक करा म्हटलं, तर एक्सप्लोरर टिक झाल्याची बातमी त्या क्षणी द्यायचाच नाही. माणूस तिथून दुसरीकडे क्लिक करून गेला की मग सांगायचा. म्हणजे डबा खाऊन झाल्यावर मधल्या सुट्टीची घंटा.

या सगळ्यांत आम्ही नवशिके एक सोपी युक्ती करायचो. ब्राउझरला आधी विचारायचं, "तू कोण?" तो एक्सप्लोरर म्हणाला तर जुन्या रीतीनं, नाहीतर नव्या. युक्ती बरी वाटते, पण टिकत नाही. एकतर ब्राउझर खोटं नाव सांगतात. जुन्या नेटस्केपच्या काळापासून जवळजवळ सगळेच ब्राउझर आपली ओळख 'मोझिला' या शब्दानं सुरू करतात, कारण एके काळी त्या नावाला चांगली पानं मिळायची. दुसरं म्हणजे नाव तेच राहतं आणि माणूस बदलतो. २०१३ च्या अकराव्या एक्सप्लोररमधून त्याची स्वतःची अटॅच-इव्हेंट रीतच काढून टाकली गेली. म्हणजे नाव ओळखून जुन्या रीतीनं बोलायला जावं, तर तो म्हणणार, "हे काय असतं?"

माझ्या पहिल्या टीम लीडर बाईंनी माझा असला कोड बघितला आणि म्हणाल्या, "नाव कशाला विचारतोस? येतं काय ते विचार." ब्राउझरला विचारायचं, तुला ॲड-इव्हेंट-लिसनर येतं का? येत असेल तर ते वापरू. नाही येत? मग अटॅच-इव्हेंट येतं का? तेही नाही? मग सगळ्यांत जुनी, १९९५ पासूनची ऑन-क्लिकची रीत. ती प्रत्येकाला येतेच.

हे ऐकलं आणि मला आपले गणिताचे सर आठवले. सर समोर बसले आहेत, त्यांना कदाचित आठवत नसेल. पाचवीत आम्ही काही मुलं वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून इथे आलो. पहिल्या दिवशी मी घोकून गेलो होतो की नाव, गाव, वडील काय करतात हे विचारतील. सरांनी यातलं काही विचारलं नाही. विचारलं, "पाढे कुठपर्यंत येतात?" मी म्हणालो, बारापर्यंत. सर म्हणाले, "मग तेरापासून सुरू करू. बस." शेजारच्याला सातपर्यंत येत होते. त्याला आठपासून. त्या दिवशी कुणी गावाचं नाव ऐकून मागच्या बाकावर गेलं नाही.

तर हे मला पाचवीत कळलं होतं, नोकरीत पुन्हा कळलं, आणि तरीही २०१३ मध्ये मी ते विसरलो. आता ती चूक सांगतो.

तोपर्यंत आमचं काम फार सोपं झालं होतं. २००६ मध्ये जॉन रेसिग या तरुणानं जेक्वेरी नावाचं तयार साहित्य जगाला फुकट दिलं होतं. कुणाला कोणती रीत येते हे विचारण्याचं सगळं काम ते आतल्या आत करायचं. आम्ही फक्त 'बटण दाबलं की हे कर' एवढं लिहायचो. एप्रिल २०१३ मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती आली. तिने सहाव्या, सातव्या आणि आठव्या एक्सप्लोररचा पाठिंबा काढून टाकला. त्यामुळे ती हलकी झाली. करणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं, ज्यांना जुने ब्राउझर सांभाळायचेत त्यांनी १.९ वापरावी असं स्पष्ट सांगितलं होतं.

आम्ही तेव्हा एका शैक्षणिक संस्थेसाठी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज बनवत होतो. पान मार्चमध्ये चाचणीसाठी उघडलं होतं. ते बघणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे होते आणि त्यांच्यात जुने एक्सप्लोरर नगण्य दिसत होते. मी बैठकीत म्हणालो, "एवढ्या थोड्या लोकांसाठी जुनं ओझं कशाला?" आणि १.९ काढून २.० घातली. पान झकास पळायला लागलं. पुढचा आलेख तर आणखी छान दिसला. जुने ब्राउझर थोडे होते ते शून्यावर आले. आम्ही म्हटलं, बघा, लोक सुधारले.

जून महिन्यात एका रात्री साडेनऊला मला फोन आला. आपल्याच वर्गातला मित्र. तो आज इथे हजर आहे, पण नाव घ्यायचं नाही असं बजावून बसलाय. बस स्टँडजवळ त्याचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान आहे. तो म्हणाला, "लेका, त्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं काम तुमच्याच कंपनीचं आहे म्हणं. ते 'पुढे' बटण दाबून दाबून बोट दुखायलंय. काहीच व्हईना."

मी सवयीनं विचारलं, "कोणता ब्राउझर?"

"निळा ई. दुसरा कोणता असतो?"

"खाली डाव्या कोपऱ्यात काही दिसतंय?"

"एक पिवळा त्रिकोण आलाय."

मला तिथेच घाम फुटला. त्याच्या दुकानात चार कंप्युटर, चारही विंडोज एक्सपीवर. एक्सपीवर आठव्या आवृत्तीपुढचा एक्सप्लोरर बसतच नाही. नववा हवा असेल तर अख्खी विंडोज बदलावी लागते, बहुतेक वेळा मशीनही. म्हणजे त्याने 'अपडेट' करायचं म्हटलं तरी रस्ता नव्हता. माझं पान उघडायचं, जेक्वेरी आठव्या एक्सप्लोररला न विचारता ॲड-इव्हेंट-लिसनर वापरायला जायची, त्याला ते येत नव्हतं, आणि पहिल्याच ओळीला सगळी जावास्क्रिप्ट बंद पडायची. पान दिसायला अगदी चांगलं. रकाने भरता येत होते, बटण दाबलं जात होतं. फक्त घंटा ऐकणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "दुसरा ब्राउझर टाक, फायरफॉक्स टाक." तो म्हणाला, "एका मशीनवर टाकायला बसलोय दुपारपासून. लाइट जाते, नेट तुटतं, पुन्हा पहिल्यापासून. आणि इथं पोरं-पोरी रांगेत उभ्या हायेत. परवा शेवटची तारीख आहे."

मग मी तो आलेख पुन्हा उघडला. शून्य. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोण कोणत्या ब्राउझरवरून आलं हे मोजण्याचं कामसुद्धा त्याच जावास्क्रिप्टमध्ये होतं. ज्यांचं पान बंद पडत होतं, त्यांची हजेरीच लागत नव्हती. लोक सुधारले नव्हते. आम्ही त्यांना वर्गाबाहेर काढलं होतं आणि मग पटावर बघून म्हणत होतो, गैरहजर कुणीच नाही.

त्या रात्री मी तीन गोष्टी केल्या. एक, १.९ परत आणली. वापरायची पद्धत बहुतांश तीच असल्यामुळे फार बदलावं लागलं नाही. दोन, 'पुढे' हे बटण मी जावास्क्रिप्टच्या भरवशावर उभं केलं होतं, ते फॉर्मचं साधं, मूळ सबमिट बटण केलं. जावास्क्रिप्ट चालली तर रकाने तिथल्या तिथे तपासून चूक लाल रंगात दाखवेल. नाही चालली तरी अर्ज आमच्याकडे पोचेल आणि तपासणी आमच्या बाजूला होईल. तीन, हजेरी मोजायचं काम पानातून काढून सर्व्हरच्या नोंदवहीवर ठेवलं. पान मागायला जो येतो त्याची नोंद तिथे होतेच, पुढे त्याचं पान चालो न चालो.

आपल्याकडे म्हणतात ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेर जमलं तर उत्तम, नाही जमलं तर परभणी आहेच. लोक ते आपल्याला हिणवायला म्हणतात. मला त्या रात्रीपासून ते कामाचा नियम वाटतं. नवं चाललं तर चाललं, नाही तर खाली काहीतरी भक्कम असलं पाहिजे. मी ती परभणीच काढून टाकली होती.

पहाटे चारला मित्राला फोन केला. तो दुकानातच झोपला होता. त्याने उठून निळा ई उघडला, बटण दाबलं. म्हणाला, "गेलं बघ पुढं."

गोष्ट इथे संपली असती तर मी आज ताठ मानेनं सांगितली असती. पण दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. बहुतेक मुलांचे अर्ज भरून झाले होते. एक मुलगी होती, लांबच्या वस्तीवरची. ती आदल्या दोन दिवशी वडिलांबरोबर येऊन बसली होती. वडिलांच्या दोन दिवसांच्या मजुरीचा खाडा झाला होता. बटण चालेना म्हणून संध्याकाळच्या एसटीनं ते परत गेले, ते आलेच नाहीत. मित्राकडे त्यांचा फोन नंबर नव्हता. त्याने त्या रस्त्याच्या एका ड्रायव्हरकडे निरोपही दिला, पण तारीख उलटून गेली. तो मला रागावला नाही. फक्त म्हणाला, "त्या पोरीला वाटलं, तिचंच काहीतरी चुकतंय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मोठ्या शहरातल्या माणसाचं बटण चाललं नाही तर तो कंपनीला शिव्या देतो. आपल्याकडचं लेकरू स्वतःला दोष देतं. आपणही तसेच होतो. हे वाक्य मी कंपनीच्या बैठकीतही सांगितलं. तिथे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग साहेबांनी विचारलं, पुढच्या वेळी कसं कळेल? त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, आपला झेरॉक्सवाला मित्र.

तेव्हापासून माझं कुठलंही पान लोकांसमोर जाण्याआधी त्याच्याकडे जातं. कंपनी त्याला तपासणीचे पैसे देते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण फुकटातली मैत्री फार दिवस टिकत नाही. तो चाचणी कशी करतो? दुकानात जे गिऱ्हाईक येतं त्याला म्हणतो, "मामा, जरा हे बटण दाबून बघा." आमच्या ऑफिसात इतका चांगला परीक्षक नाही.

पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्या हातात मोबाइल आला आणि मला वाटलं, जुन्या-नव्याचं भांडण मिटलं. तेव्हाही त्यानेच चूक पकडली. आमच्या पानावर इंग्रजी कळा दाबून मराठी अक्षरं उमटायची सोय होती. के दाबला की क. ती प्रत्येक कळेची घंटा ऐकून चालायची. कंप्युटरवर उत्तम. पण अँड्रॉइड फोनवर खरी कळच नसते. काचेवरचा कीबोर्ड शब्द आपल्या मनाशी जुळवत असतो, आणि ब्राउझर बहुतेक वेळा कोणत्याही अक्षराला एकच नंबर सांगतो, २२९. म्हणजे 'कुणीतरी काहीतरी लिहितंय, अजून ठरलेलं नाही.' सगळ्या वर्गाचा हजेरी क्रमांक २२९! मित्राचा निरोप आला, "फोनवर नाव लिहायला गेलं की निम्मं मराठी, निम्मं भलतंच."

त्यावरचा इलाज हाच की कळांकडे कान लावायचाच नाही. रकान्यात प्रत्यक्ष काय आलं, त्या बदलाची वेगळी घंटा असते, इनपुट नावाची, ती ऐकायची. आणि माणूस जोडाक्षर जुळवत असेल, म्हणजे ज्ञानेश्वर मधला 'ज्ञ' किंवा लक्ष्मी मधला 'क्ष्म', तर ते जुळवून झाल्याची खूण येईपर्यंत मध्ये हात घालायचा नाही. इंग्रजीत एक कळ म्हणजे एक अक्षर. मराठीत तसं नाही, हे त्या यंत्रांना अजून पुरतं पचलेलं नाही. मराठीच्या बाई शुद्धलेखन तपासताना म्हणायच्या, "वाक्य पूर्ण होऊ दे, मग चुका काढू." इथेही तेच करावं लागलं.

यंदा १५ जूनला मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर अधिकृतपणे निवृत्त केला. आमच्या क्षेत्रात लोकांनी विनोद केले, आनंद साजरा केला. मीही हसलो. आज सगळे मोठे ब्राउझर ॲड-इव्हेंट-लिसनर मानतात, फळ्याऐवजी चिठ्ठी देतात, डाव्या बटणाला शून्यच म्हणतात. आता ऑफिसात नवी मुलं येतात, त्यांना अटॅच-इव्हेंट हे नावही माहीत नसतं. त्यांनी ते शिकायची गरजही नाही. पण ती मुलं आपलं पान नव्या, महागड्या फोनवर बघतात आणि म्हणतात, "सर, चालतंय की." तेव्हा मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगतो. ब्राउझरचं नाव बदललं तरी कुणाच्या तरी हातात सात वर्षांचा, काच तडकलेला फोन असतोच. त्याला काय येतं आणि काय येत नाही हे विचारूनच पुढे जावं लागतं.

सर, आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'यशस्वी माजी विद्यार्थी' असं छापलंय. मी जे यश मिळवलं त्यातला मोठा भाग तुमच्या त्या एका प्रश्नाचा आहे, आणि जी चूक केली ती तो प्रश्न विसरल्याची आहे. हे तुमच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं.

शेवटी एक विनंती, आणि ती फुकटची नाही. तुमच्या प्रत्येकाच्या घरी कपाटात एखादा जुना स्मार्टफोन पडलेला असेल. बॅटरी फुगली नसेल आणि चालू होत असेल, तर तो भंगारात देऊ नका. आपल्या झेरॉक्सवाल्या मित्राच्या दुकानात आणून द्या, आधी त्यातले फोटो आणि खाती मात्र पुसा. निम्मे फोन तो तपासणीला ठेवील. उरलेले आपण शाळेच्या कंप्युटर खोलीत देऊ. मुख्याध्यापक सरांशी बोलणं झालंय. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी इथल्या नववीच्या मुलांना ऑनलाइन एक तास शिकवणार आहे. पहिला धडा मी ठरवलाय. पान बनवायचं, त्यात एक बटण ठेवायचं, आणि ते या जुन्या फोनांवर दाबून बघायचं. चाललं नाही तर मुलांना सांगणार आहे, पोरांनो, तुमचं काही चुकलेलं नाही, चला आता शोधू या.

मामांची घंटा अजून व्हरांड्यात टांगलेली आहे, येताना बघितली. जेवणाची वेळ झाली असावी, कारण स्वयंपाकघराकडून वास यायला लागलाय. मी थांबतो.